उपनयन : नेणारा आणि नेला जाणारा

‘उपनयन’ या शब्दाची फोड सोपी आहे : ‘उप’ म्हणजे जवळ, ‘नयन’ म्हणजे नेणे. मराठीने मात्र या संस्काराला ‘मुंज’ हे घरगुती नाव दिले. ते बटूच्या कमरेला बांधावयाच्या मेखलेच्या गवतावरून आले. नाव क्रियेवरून वस्तूवर सरकले. जानवे ही तर मिरवण्याची, प्रसंगी भांडण्याची वस्तू झाली, आणि कोण कोणाला जवळ नेतो हा प्रश्न मागे पडला.

पाणिनीला तो पडला होता. ‘नी’ धातूला आत्मनेपद कोणकोणत्या अर्थी होते हे सांगताना त्याने ‘आचार्यकरण’ हा एक अर्थ दिला आहे. काशिकावृत्ती त्याचा उलगडा करते : बटूला आपल्याजवळ आणण्याच्या या विधीने नेणारा स्वतः आचार्य होतो. व्याकरणाची ही साक्ष विलक्षण आहे. संस्कार मुलावर होतो असे सारे समजतात. क्रियापद सांगते की घडतो तो गुरूही. अथर्ववेदातील ब्रह्मचर्यसूक्त याहून पुढे जाते. तेथे आचार्य शिष्याला गर्भाप्रमाणे तीन रात्री आपल्या उदरात धारण करतो. ‘द्विज’ या शब्दातील दुसरा जन्म असा कोणाच्या तरी वेणांतून येतो. तो जन्मसिद्ध हक्क असूच शकत नाही.

पण झाले तसेच. मनुस्मृतीने स्त्रीचा विवाह हाच तिचा वैदिक संस्कार आणि पतिसेवा हाच तिचा गुरुकुलवास ठरविला. वस्तुतः उपनयन व वेदाध्ययन करणाऱ्या ब्रह्मवादिनींची नोंद हारीताच्या नावावरील वचनांत आढळते. शूद्राला तर हे दारच बंद होते. ‘जवळ’ या शब्दाला कुंपण पडले. कोल्हापुरात १८९९ साली शाहू महाराजांच्या निमित्ताने उभा राहिलेला वेदोक्ताचा वाद या कुंपणाचाच होता. मंत्र कोणते म्हणावयाचे हे केवळ निमित्त.

छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा येथे नेहमी सांगितली जाते, आणि बहुधा अर्धीच सांगितली जाते. पित्याचे गोत्र ठाऊक नाही, असे त्याने सरळ सांगितल्यावर हारिद्रुमत गौतमाने त्याचे उपनयन केले, येथे कथा थांबविण्याचा मोह होतो. त्यातही एक खोच राहतेच, कारण असे सत्य अब्राह्मण बोलणार नाही, हा गौतमाचा निर्वाळा कुंपण मोडत नाही, फक्त त्याचे फाटक हलवितो. पण उपनयन होताच गुरूने त्याला चारशे कृश गाई देऊन रानात पाठविले. जवळ नेले आणि लगेच दूर धाडले! गाई हजार झाल्यावर तो परतला, तेव्हा बैल, अग्नी, हंस आणि मद्गू हा पाणपक्षी यांनी त्याला शिकविले होते. तरीही गुरूच्या मुखातून ऐकण्याची इच्छा त्याने बोलून दाखविली. सामीप्य अंतराने मोजावयाचे नसते, हे या प्रवासातून कळते. सामीप्य नको असे मात्र कळत नाही.

त्याच उपनिषदात अश्वपती कैकेयाची कथा आहे. उद्दालकासह सहा विद्वान गृहस्थ सकाळी हाती समिधा घेऊन या क्षत्रिय राजाकडे आले. त्याने त्यांचे उपनयन न करताच उपदेश केला. ते आधीच उपनीत होते, मग पुन्हा विधी कशाला, असे म्हणता येईल. पण मग त्यांनी समिधा कशासाठी आणल्या होत्या? आपण कोणाच्या तरी जवळ जात आहोत, एवढे त्यांना ठाऊक होते.