घारीचा घास

उत्तरायणाच्या संध्याकाळी वडोदऱ्यात गच्चीवर जखमी कबुतर सापडलं, तर आपल्यापैकी कुणालाही प्रश्न पडत नाही. घार सापडली, की पडतो. मागच्या वर्षी आमच्या गच्चीवर मांजाने पंख कापलेली घार पडली, तेव्हा धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, बरी होईपर्यंत हिला मांस लागणार. बरी झाली की पुन्हा जीवच मारणार. मग हे पुण्य कसलं?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, या तिन्हींत दोष असतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तेव्हा मांसाहारी म्हणून तिला नकार मिळाला. मग ते दोघे स्वतःच घारींवर उपचार करू लागले. 2022 सालचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. नकार देणाऱ्यांचा पेच मला कळतो. पण तो नियम माझ्या मनाला पटत नाही.

श्वेतांबर परंपरेत मेघरथ राजाची कथा आहे. हाच जीव पुढे शांतिनाथ भगवान झाला. शरण आलेल्या कबुतरासाठी राजाने स्वतःचं मांस तराजूत टाकलं. आपण ही कथा कबुतराची म्हणून सांगतो. पण समोर ससाणाही होता ना? 'तू पापी, उपाशी मर,' असं राजा त्याला म्हणाला नाही. त्याची भूकही त्याने खरी मानली.

घार दाण्यांवर जगू शकत नाही. तो तिचा स्वभाव, तिचं कर्म. पण तिच्या पंखात अडकलेला मांजा मात्र आपला आहे. म्हणून तिला वाचवणं हे मला दान वाटत नाही, देणं वाटतं.

आम्ही लोंबता मांजा कापला, पंखात रुतलेला ओढला नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात तिला अंधारात ठेवलं, चोचीत पाणी घातलं नाही, आणि सरकारच्या करुणा अभियानाच्या केंद्रावर पोचवलं. तिथे तिला मांस देणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या हाताने दिलं नाही म्हणून मी सुटले, असं मी म्हणणार नाही. करवण्यातला माझा वाटा माझ्याकडेच आहे, प्रतिक्रमणाला बसते तेव्हा तो आठवते. पण तिला गच्चीवर मुंग्यांच्या हवाली करून दार लावलं असतं, तर तीही हिंसाच होती. फक्त तिच्यात माझे हात स्वच्छ दिसले असते.

जाऊबाईंना हे सगळं पटलं नाही. मात्र यंदा त्यांनी मुलांना पहाटे आणि तिन्हीसांजेला, पाखरांच्या येण्याजाण्याच्या वेळी, पतंग उडवू दिला नाही. निदान एवढ्यावर तरी आमचं दोघींचं एकमत आहे.