परक्याच्या हाती आपला जीव



आजाऱ्याला मदत करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपणच असहाय झालो आणि पुढे आलेला हात परक्याचा असला, तर तो धरायला मन तयार होते का?

कामानिमित्त आपल्या देशात राहणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाचा विचार करू या. सुटीच्या दिवशी तो एकटाच डोंगर चढायला निघतो. पायात भारी बूट, खिशात विम्याचे कागद. वस्तीपासून दूर, बालाघाटाच्या उतारावर त्याला फुरसे चावले तर? पहिला धावून येतो शेळ्या राखणारा एखादा गावकरी. पाय हलवू नका, जखम कापू नका, आवळून बांधू नका, सरकारी दवाखान्यात चला, असे जाणते माणूस त्याला सांगते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरचे औषध तिथे असते. एरवी ज्या दवाखान्याकडे पाहून त्याने नाक मुरडले असते, तिथेच त्याचा जीव वाचू शकतो.

आपल्या शिरूर कासारपासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्याच हातांत पुढे बाळंतिणी विश्वासाने स्वतःला सोपवू लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशांतून डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि मोठ्या पदव्या घेतलेली ही माणसे शाळेत न गेलेल्या बाईसमोर बसून शिकली. मदत घेण्यासाठी आधी मान लववावी लागते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे (लूक 10). तो ऐकताना आपण स्वतःला शोमरोनी समजतो. पण प्रभू येशू शास्त्र्याला विचारतो, लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे वाटेवर पडलेल्याच्या जागेवरून पाहायला तो शिकवतो. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नसत. तरीही त्या जखमी माणसाचा जीव एका शोमरोन्याच्याच तेलाने, द्राक्षारसाने आणि दोन नाण्यांनी वाचला.

मात्र जो दुसऱ्याच्या हाती जीव देतो, त्याला काही तपासून पाहता येत नाही. म्हणून विश्वास घेणाऱ्यावर मोठे ओझे असते. आपल्या भागातली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ती पाच-सहा महिने परकीच असतात. फडात कोयता लागला, पोटात दुखू लागले, तर अनोळखी डॉक्टर सांगेल ते खरे मानावे लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला की 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अडलेल्या बाईच्या विश्वासाचा बाजार मांडणे हे फार मोठे पाप आहे.

डोंगरातला परदेशी आणि फडातली आपली बहीण यांच्यात पैशाचे अंतर केवढे! पण दुखणे आले की दोघेही सारखेच वाटेवर पडलेले असतात.

या आठवड्यात दोन गोष्टी करू या. ज्याच्याकडून मदत घ्यायला आजवर संकोच वाटला, त्याची मदत मोकळ्या मनाने घेऊ या. आणि परगावचा कोणी आजारी आपल्या दारी आला, तर त्याची भाषा आणि जात विचारण्याआधी त्याला पाणी देऊ या व दवाखान्यापर्यंत सोबत करू या.