लागलं तर?

मराठी माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या सामानाचे दोन भाग पडतात. एक लागणारं सामान आणि दुसरं 'लागलं तर' म्हणून घेतलेलं सामान. पहिलं एका पिशवीत मावतं, दुसऱ्यासाठी हमाल करावा लागतो. नागपूरहून रामटेकला एका दिवसाच्या लग्नाला जाणारी मंडळी मी पाहिली आहेत. बरोबर बॅटरी, बॅटरी पेटली नाही तर मेणबत्ती, अमृतांजन, सुतळी, दोन चादरी आणि एक रिकामी पिशवी, कारण येताना काही आणावं लागलं तर! हे सगळं सामान संध्याकाळी जसंच्या तसं घरी परत येतं आणि ते न लागल्याचं दुःख कुणालाच होत नाही.

एरवी हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा. पण गेले दोन महिने इथे पारशिवनीत आमच्या शेजारच्या अंगणात एक मोटारसायकल लडाखला जायची तयारी करते आहे आणि ती बघता बघता मला एक प्रश्न पडला आहे. बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात त्याचं उत्तर नाही. आपल्याला दुसऱ्याची गरज पडू नये म्हणून माणसानं किती तयारी करावी? आणि गरज न पडणं ही खरोखरच एवढी चांगली गोष्ट आहे काय?

गाडी ड्युअल-स्पोर्ट जातीची आहे. म्हणजे रस्त्यावर चालते आणि रस्ता नसेल तिथेही चालते. आमच्या भागातल्या माणसाला यातली नवलाई पटवून देणं कठीण. 1972 साली निघालेली लुना इकडे आली तेव्हा तीही बिचारी हेच करत होती, फक्त तिला ते इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं. आमचा दूधवाला आजही कोलितमाऱ्याकडच्या वाटांवरून चार कॅन लटकवून येतो आणि त्याला कुणी साहसी प्रवासी म्हणत नाही. उलट दूध पातळ म्हणतात.

पण कारखान्यानं मुद्दाम अशी गाडी काढायची ठरवली की तिचं पुढचं चाक मोठं, 21 इंची होतं. मोठं चाक खड्ड्यात बसत नाही, वरून निघून जातं. गाडीचं पोट जमिनीपासून उंच ठेवतात. हिरोची एक्सपल्स 2019 साली आली, तिचं पोट 220 मिलिमीटर वर आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 सालची. 2023 साली तिची नवी आवृत्ती आली, टाकी 17 लिटरची, वजन 196 किलो. शेजारच्या चिरंजीवांकडे हीच नवी आहे. मुलगा नोकरीला आहे, हप्ते वेळेवर भरतो. माझी आणखी काही तक्रार असायचं कारण नाही.

गाडी आली तेव्हा चांगली सडसडीत होती. मग तिला दागिने घालणं सुरू झालं. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्र्याचं ताट, त्याला बॅश प्लेट म्हणतात. कडेला नळ्यांचा क्रॅश गार्ड. हँडलला हातांसाठी ढाली. चिखलासाठी बटण टायर. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे डबे, मागे तंबू, दोन जेरीकॅन. पुढचं आणि मागचं चाक वेगळ्या मापाचं, म्हणून दोन वेगळ्या ट्यूब. हवा भरायचा पंप, पाने, टॉमी, तार. यातल्या एकाच गोष्टीला मी मनापासून दाद दिली. क्लचच्या वायरीशेजारून त्यानं दुसरी वायर आधीच ओढून ठेवली आहे. पहिली तुटली की टोकं बदलायची, काम झालं. वजन नाममात्र आणि डोकं भरपूर.

जेरीकॅनचं मात्र मला पटेना. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप 365 किलोमीटर' अशी पाटी होती, तिचे फोटो जगभर गेले आहेत. चिरंजीवांनी त्या पाटीचा धसका घेतलेला. मी कागद घेतला. लिटरला अगदी 25 किलोमीटर धरले तरी 17 लिटरमध्ये 425 होतात. साठ किलोमीटर शिल्लक उरतात!

"बरोबर आहे काकाजी," तो म्हणाला, "पण लागलं त?"

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. नीट पाहिलं तर त्या प्रत्येक डब्यात वस्तू नाहीच, एकेक भीती घडी करून ठेवलेली आहे. आम्ही बँकवाले याला तरतूद म्हणतो. कर्ज बुडेल या भीतीनं नफ्यातून पैसा बाजूला काढून ठेवायचा. शहाणपणाचीच गोष्ट आहे. पण तरतूद फार वाढली की नफा उरत नाही, आणि मग बँक कशासाठी उघडली होती तेच आठवेनासं होतं.

सगळं लादून झाल्यावर रंगीत तालीम म्हणून गाडी पेंच नदीच्या वाळूत नेली. मी काठावर हेल्मेटची पिशवी धरून उभा होतो. वाळूसाठी टायरची हवा कमी करायची असते, ती त्यानं केली. पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं. वाळूनं पुस्तक वाचलेलं नव्हतं. वीसेक हातांवर पुढचं चाक रुतलं आणि गाडी अगदी सावकाश, म्हैस बसते तशी आडवी झाली. गाडी आणि सामान मिळून अडीचशे किलो. नुसती गाडी त्यानं महिन्यापूर्वी एकट्यानं उचललेली मी पाहिली आहे. आता ती हलेना. शेवटी एक शेळ्यावाला आणि मासे धरणारे दोघं आले, तिघांनी मिळून ती उभी केली.

"दादा, हे डबे काढा ना जी," शेळ्यावाला म्हणाला. "गाडी उचलाले त मानूसच लागते."

कुणाची गरज पडू नये म्हणून जे सामान घेतलं, त्याच सामानापायी तीन माणसांची गरज पडली. चिरंजीवांनी शंभराची नोट पुढे केली. ती कुणी घेतली नाही. त्यांनी तंबाखू आहे का विचारलं. त्या सगळ्या डब्यांत तंबाखू नव्हती. दुसऱ्या कुणाला देता येईल असं काहीच नव्हतं. माझ्या मते खरी अडचण वजनाची नाहीच, ही आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या वडिलांच्या पिढीचं एकच तत्त्व होतं, कुणाचं मिंधं होऊ नये. ते काही खोटं नव्हे. 'लोक मदत करतातच' असं म्हणत हात हलवत डोंगरात जाणारा माणूस मला साधू वाटत नाही. तो बिनतारणी कर्ज काढायला निघालेला असतो, आणि जामीनदार म्हणून वाटेतल्या ट्रकवाल्याचं नाव त्याला न विचारता लिहून मोकळा झालेला असतो. 5,000 मीटर उंचीवर कुणाचा दिवस मोडणं ही लहान गोष्ट नाही. पंक्चरचं सामान घरी विसरून माणुसकीवर भाषण देणाऱ्यापेक्षा दोन ट्यूब बाळगणारा मला केव्हाही बरा.

मग रेघ कुठे मारायची? 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे 71,000 किलोमीटर करून 1928 साली परत आले. साडेचार वर्षांचं 'लागलं तर' सायकलवर मावतच नाही. तिथे माणसांवर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. 1932 साली रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण लंडनहून डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थानातूनही गेला. त्याच्या गाडीलाही खाली पत्र्याचं ताट होतं. ते ताट आणि इंजिन यांच्यामध्ये त्यानं पिस्तूल लपवलं होतं! दगडांसाठी पत्रा आणि माणसांसाठी पिस्तूल. एवढ्या अडचणीच्या जागी ठेवलेलं पिस्तूल ऐन वेळी कसं निघणार, हे मला कळलेलं नाही. "जरा थांबा, चार बोल्ट सोडवतो" असं दरोडेखोराला सांगायचं काय?

सामानाची सर्वांत विचारपूर्वक केलेली यादी म्हणाल तर ती बौद्ध भिक्खूंची. दीक्षाभूमी आमच्याच नागपुरात, त्यामुळे अष्टपरिष्कार इकडे पुष्कळांना माहीत आहेत. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायची गाळणी. आठ वस्तू, संपलं! मी हिशेबनीस माणूस, म्हणून नोंद कुठल्या खात्यावर पडते ते पाहिलं. सुई ही क्लचच्या वायरीसारखी, फाटलं तर आपलं आपण शिवावं. भिक्षापात्र नेमकं उलट्या खात्यावर, पोटापुरतं लोकांकडून घ्यावं आणि त्यात लाज वाटू देऊ नये. गाळणी तर आपल्यासाठी नाहीच. पाण्यातला जीव आपल्या घोटाबरोबर मरू नये, म्हणून ती बरोबर वागवायची. आमच्या चिरंजीवांकडे सुया भरपूर होत्या. बाकीच्या दोन खात्यांवर काहीच जमा नव्हतं.

हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि प्रथमोपचाराची पेटी मोठी घ्यावी का, असं विचारलं. मी म्हटलं, घे. त्या रस्त्यावर पडणारा प्रत्येक माणूस काही तूच नसशील. त्यावर रात्री तंबूचे दोन खुंटे आणि एक जेरीकॅन उतरला. दुसऱ्या जेरीकॅनवर अजून वाटाघाटी चालू आहेत.

काल त्याच्या आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा आणून सीटवर ठेवला. डबा बघून तो कळवळलाच.

"आई, मी एकटा जाऊन राहिलो. एवढे लाडू कोण खाईल?"

"तुह्यासाठी नाही रे ते. रस्त्यात कोनी भेटलं त?"

डबा वजन करून पाहिला, चार किलो भरला. जेरीकॅनच्या जागी तो जवळजवळ बसतो. पट्टीची दोन भोकं तेवढी अर्धा इंच सरकवावी लागतील, म्हणून आज दुपारी ते दोघं वेल्डिंगवाल्याकडे गेले आहेत.