तोलाची शिल्लक

माझा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतो. त्याच्याकडे एक थोरली एसयूव्ही आहे. इतकी थोरली, की आमच्या जुन्या वाड्याच्या दरवाजातून ती आत आलीच नसती. तीत आठ माणसे मावतात आणि शिवाय त्यांचे सामानही. दोष एकच: वळणावर ती कलते. रॉकी पर्वतातून उतरताना एकदा पुढच्या ट्रकला चुकवण्यासाठी भाच्याने स्टिअरिंग झटक्याने फिरवले आणि गाडी अशी कलली, की मागे बसलेली मुले किंचाळली. तेव्हापासून धाकटी मागच्या बाकावर बसायला तयार होईना.

मी तिकडे गेलो त्याच आठवड्यात भाच्याने पोलादाची एक वाकडी दांडी विकत आणली. म्हणाला, "मामा, हिला स्वे बार म्हणतात. गाडीला मुळातली एक आहे, पण ती बारीक. ही बसवली की गाडी शहाण्यासारखी वागेल."

या दांडीची युक्ती मोठी साधी आहे. १९१९ साली स्टीफन कोलमन या कॅनडाच्या गृहस्थाने तिचे पेटंट घेतले. डाव्या-उजव्या चाकांना ती एकमेकांशी जोडते. दोन्ही चाके बरोबर वर उचलली गेली, तर ती नुसती फिरते. पण गाडी एका अंगाला कलू लागली की तिला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीला सरळ करू पाहतो. भरीव दांडीची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. वीस मिलिमीटरांची पंचवीस केली, की जोर जवळजवळ अडीचपट!

शनिवारी सकाळी गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. जुनी दांडी निघाली, नव्या बुशांना ग्रीस लागले, नट-बोल्ट आवळले गेले. पाने हातात देण्याचे काम माझ्याकडे होते. दांडीच्या प्रत्येक टोकाला दोन भोके होती. अलीकडच्या भोकात जोडली तर दांडी अधिक ताठ, पलीकडच्या भोकात जोडली तर थोडी मऊ. भाच्याने अर्थातच ताठ निवडली.

दुपारी आम्ही सगळे घाटात गेलो. गाडी खरोखरच शहाणी झाली होती. धाकटी मागच्या बाकावर बसून गाणे म्हणत होती. एका लांब वळणावर भाचेसूनेने हळूच विचारले, "अहो, हे वळण तुम्ही नेहमी किती वेगाने घेता?"

"पंचावन्न मैल."

"आणि आत्ता?"

काटा पासष्टवर होता. भाचा चिडून म्हणाला, "पण गाडी हलली तरी का?"

मी मागे बसून मनात हिशेब केला. वेग वाढला सुमारे १८ टक्के. पण वळणावर बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो ४० टक्क्यांनी वाढला. गाडीची उंची मात्र होती तेवढीच राहिली. दांडी कलणे कमी करते. गाडीच्या अंगचे वजन आणि उंची तिला कमी करता येत नाही. उलट मागे ती फार ताठ असली, तर मागच्या बाहेरच्या चाकावर भार वाढतो आणि ओल्या वा बर्फाळ रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. पूर्वी गाडी कलून भाच्याला सांगत असे, "बाबा रे, जपून." आम्ही त्या सांगणाऱ्याचेच तोंड बांधले होते.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे मांडले होते, की मोटारी अधिक सुरक्षित झाल्या तसे चालक अधिक धाडसी झाले आणि त्या धाडसाची किंमत काही अंशी पायी चालणाऱ्यांनी दिली. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. आकड्यांचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. त्या वळणापुरता तरी मला पुरावा समोर दिसत होता.

मग दांडी बसवणे चूक होते का? मुळीच नाही. भेदरलेले मूल निर्धास्त व्हावे, ही चांगलीच गोष्ट. पण ती निर्धास्ती बापाने मुलांसाठी विकत घेतली आणि पहिल्याच वळणावर स्वतःच्या हौसेसाठी खर्चून टाकली. आपणही हेच करतो. पगार वाढला की कर्ज वाढवतो. औषध लागू पडले की पथ्य सोडतो. संकटासाठी म्हणून जमवलेले बळ रोजच्या मिजाशीत उडून जाते आणि संकट येते तेव्हा आपण पुन्हा रिकामेच असतो. शिल्लक आपली खरी, पण ज्यांच्या नावाने ती जमवली त्यांना न विचारता ती मोडण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला तर आपण कधी विचारलेलेच नसते.

रात्री गॅरेजमध्ये दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. भाचा गाडीखाली शिरून दांडी पलीकडच्या, मऊ भोकात जोडत होता.

"का रे?"

"थोडी कललेली बरी, मामा," तो म्हणाला. "मला कळायला नको का?"

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर काटा पंचावन्नवर होता. धाकटी मागे झोपली होती.