चिप्सऐवजी मखाणे : यात अध्यात्म कसलं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १०.

सात्त्विक, राजस, तामस आहाराचे हे तीन श्लोक. यावर आमच्या वाचनगटातल्या एकाने सरळ विचारलं, "दादा, मी संध्याकाळचे चिप्स सोडून मखाणे सुरू केले. डॉक्टर खूश आहेत. पण जीभ तीच, पाच वाजताची हाव तीच, फक्त वाटीतला माल बदलला. यात अध्यात्म कसलं?" सगळे हसले. पण त्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय आणि तो स्वतः बत्तीसचा आहे. आपल्याकडे हृदयविकार तसाही लवकर गाठतो. तेव्हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही.

आधी श्लोकांची रचना बघा. आठव्या श्लोकात भगवंत परिणाम आधी सांगतात : आयुष्य, सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारे. पदार्थ कसे असावेत हे त्यानंतर येतं. नवव्या श्लोकात क्रम उलटा. आधी चवींची यादी : कडू, आंबट, खारट, फार गरम, तिखट, कोरडं, जळजळ करणारं. आणि एकदम शेवटी दुःख, शोक, रोग. मला हा क्रम हुबेहूब वेफर्सच्या पाकिटासारखा वाटतो. पुढच्या बाजूला चव, मोठ्ठ्या अक्षरात. मागच्या बाजूला बारीक टायपातला तक्ता. राजस वृत्ती पुढची बाजू वाचून पाकीट फोडते, सात्त्विक वृत्ती आधी पाकीट उलटं करते.

आता उलटं केलंच आहे तर एक कामाची गोष्ट. तक्त्यात बहुतेक वेळा मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते झालं २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि आपली भाजी-आमटी-लोणचं अजून मोजलेलंच नाही. पेरी-पेरी मसाला मारलेल्या मखाण्यांचंही पाकीट उलटं करा बरं का. आणि मखाणेच हवेत असं कुठाय? साधे फुटाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, पेरू, काकडी यांना जाहिरात नाही, एवढाच त्यांचा दोष. उपासाचं तर बोलूच नका. एकादशीला तळलेले साबुदाणा वडे आणि बटाट्याचे वेफर्स खाऊन आपण पुण्य मोजतो. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली.

आठव्या श्लोकातल्या एका शब्दाजवळ मी जरा थांबतो : 'हृद्य'. म्हणजे मनाला आवडणारं. आयुर्वेदात हाच शब्द हृदयाला हितकर अशा अर्थाने येतो. चरकसंहितेत दहा हृद्य द्रव्यांचा एक गट आहे आणि त्यात आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग अशी बरीचशी आंबट फळं आहेत. मग गीता आंबटाला राजस कसं म्हणते? शंकराचार्यांनी भाष्यात याची किल्ली दिली आहे : 'उष्ण' या शब्दाआधीचा 'अति' यादीतल्या प्रत्येक चवीला जोडून वाचायचा. म्हणजे लिंबू पिळलेली भेळ पापी ठरत नाही. बोट 'अति'वर आहे. सहाव्या अध्यायातही योग फार खाणाऱ्याचा नाही आणि अजिबात न खाणाऱ्याचाही नाही, असंच सांगितलंय.

इथे कुणी म्हणेल, परिणाम आधी बघायचा म्हणजे फळाची आशा झाली की! मला तसं वाटत नाही. अठराव्या अध्यायात (श्लोक २५) तामस कर्माची खूण दिली आहे : पुढचा परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत न बघता मोहाने सुरू केलेलं कर्म. परिणामाला तिथे 'अनुबंध' हा शब्द आहे. मागे बांधलेलं येतं ते. 'पोट माझं, पैसे माझे, तुम्हाला काय' हे म्हणणं मला इथेच लटकं वाटतं. आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या आईने चिप्स खाल्लेले नसतात. नवव्या श्लोकात दुःख आणि रोग यांच्या मधोमध शोक आहे. तो बऱ्याचदा घरच्यांच्या वाट्याला येतो, असं मी तरी वाचतो.

मग 'जीभ तीच' या आक्षेपाचं काय? तो गीतेलाच मान्य आहे. दुसऱ्या अध्यायात (श्लोक ५९) म्हटलंय की आहार तोडला की विषय दूर होतात, पण गोडी मागे उरते. ती परमात्मदर्शनानेच जाते. तेव्हा मखाण्यांनी गोडी सुटेल या भ्रमात राहू नये. पण गोडी सुटेपर्यंत धमन्या थांबून राहणार आहेत का? शिवाय जीभ थोडी शिकतेही. मीठ कमी केलं की काही आठवड्यांत आधीचाच चिवडा खारट लागायला लागतो. सहाव्या अध्यायात मन आवरायला अभ्यास सांगितलाय, त्यातला हा बालवर्गाचा धडा म्हणा. पुढचा धडा नवव्या अध्यायात आहे, जे खाऊ ते अर्पण करण्याचा. त्यासाठी पाकिटात हात घालून, स्क्रीनकडे बघत खाणं आधी थांबवावं लागतं. मूठभर शेंगदाणे वाटीत काढायचे, एक क्षण थांबायचं, नाम घ्यायचं, मग खायचं. वाटी संपली की संपली.

एक भीती मात्र आहे. डबा बदलला की माणूस दुसऱ्याच्या डब्यात बघायला लागतो. ऑफिसच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करणारा वॉचमन वडापाव खातो, कारण त्या पैशात पोट भरणारं दुसरं जवळपास काही मिळत नाही. त्याला राजस म्हणायला हे श्लोक दिलेले नाहीत. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ आणि दर्प अगदी सुरुवातीला आलेत, आणि ते कुठल्याच पाकिटाच्या तक्त्यात छापलेले नसतात. फुटाणे आणलेच असतील तर थोडे जास्त आणा, जाता-येता त्यालाही विचारा. तिसऱ्या अध्यायात फक्त स्वतःपुरतं शिजवणाऱ्याबद्दल फार कडक शब्द आहेत.

उद्या श्लोक ११, यज्ञाचे प्रकार.

राम कृष्ण हरी.