एका फोटोला एक मिनिट

बसा.

समोरच्या भिंतीवर जुना मॉनिटर टांगलाय. त्याच्या पाठीशी एटीएम कार्डाएवढा बोर्ड चिकटवलाय, रास्पबेरी पाय. एक वायर विजेची, एक पडद्याची. छोट्याशा मेमरी कार्डात घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ आहेत.

लगेच सुरू करू नका. खांदे सैल सोडा. एक श्वास घ्या. सोडा.

आता बटण दाबा.

पहिला फोटो येतो आणि जातो. आपण काही बदललं नाही, तर व्हीएलसी प्लेयर एका फोटोला १० सेकंद देतो. तेवढ्यात जेमतेम दोन-तीन श्वास होतात. चेहरा ओळखीचा वाटेपर्यंत दुसरा येतो.

थांबवा. सेटिंगमध्ये १० च्या जागी ६० लिहा.

आता एका फोटोला साधारण पंधरा श्वास मिळतील.

पुन्हा बसा.

हा फोटो बघा. जुन्या अल्बममधला आहे, कागदी फोटोवरून मोबाइलने टिपलेला. अंबड तालुक्यातलं वावर. मोसंबीची बाग.

मातीपासून सुरुवात करा. काळी, भेगाळलेली माती. झाडाभोवतीचं आळं ओलं आहे. ओल कुठे संपते, ते बघा.

श्वास घ्या.

नजर हळूच वर न्या. खोड. खालची फांदी. फळं अजून हिरवी आहेत. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं तरी जातात. तेवढे उन्हाळे या झाडाने काढलेत. क्षणभर तिथेच थांबा.

आता आजोबा. पांढरी टोपी. एक हात फांदीवर. बोटं बघा. फळ तोडत नाहीत, नुसता भार तोलतायत.

बघत राहा.

ही बाग आता नाही. २०१२ चा पाऊस कमी झाला. जालना जिल्ह्यात विहिरी आटल्या. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवायची धडपड केली. कितीतरी बागा वाळल्या. झाडांचं सरपण झालं.

त्याच २०१२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये रास्पबेरी पायचा पहिला बोर्ड विक्रीला आला. आज तसलाच बोर्ड ही बाग भिंतीवर दाखवतोय.

दुःख करायचं नाही. समाधानही मानायचं नाही. फक्त बघायचं.

श्वास घ्या. सोडा.

पुढे एक व्हिडिओ लागतो. आवाज बंद ठेवा. टँकरला लावलेला पाइप. आळ्यात पडणारं पाणी. माती ते लगेच पिऊन टाकते.

पाण्याचा आवाज तुमच्या आत येतो का? जरा ऐका. आला तर येऊ द्या. नाही आला, तरी बसून राहा.

आता बागेच्या फोटोकडे परत या. तो स्थिर ठेवा.

खालचा काठ बघा. मघाशी नजर तिथून निसटली होती. मातीवर एक लांब सावली पडलीय. डोकं आहे, वर उचललेले दोन कोपर आहेत. फोटो काढणाऱ्याची सावली.

ऊन त्याच्या पाठीमागून येतंय. तो चौकटीत नाही. आजोबा त्याच्याकडेच बघतायत. ओठांवर बोलता बोलता थांबल्यासारखं काही आहे.

काय म्हणत असतील? उत्तर शोधू नका. त्या ओठांपाशी थांबा.

एक श्वास. आणखी एक.

मग आईला हाक मारा. तिला शेजारी बसवा. काही विचारण्याआधी तिलाही पूर्ण एक मिनिट बघू द्या.

ती आपणहून बोलेल, किंवा बोलणार नाही. बोलली तर मध्ये तोडू नका.

मग विचारा, ही सावली कुणाची? साल कोणतं?

अल्बममधला फोटो मोबाइलने टिपला त्या दिवसाची तारीख या फाइलच्या पोटात गेलीय, मूळ फोटोची नाही. म्हणून आईने सांगितलेलं साल, गाव, आजोबांचं नाव आणि ज्याची सावली आहे त्याचंही नाव फाइलच्या नावात लिहा. आईला साल नक्की आठवत नसेल, तर ‘अंदाजे’ लिहा.

झालं की पुढचा फोटो येऊ द्या. त्यालाही साठ सेकंद.