बुरुजाचा पाया

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली नागपुरात शाळा काढली. १८६३ साली ते वारले; त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली निघाले. पाया घालणाऱ्याने शिखर पाहिले नाही.

आपल्या लेकरांच्या कॉलेजाचा पाया सहावी-सातवीतच पडतो. तेव्हा अपूर्णांक कच्चे राहिले, तर पुढे बीजगणित अडते. यास्तव मुलगा असो वा मुलगी, कापसाच्या वेचणीसाठी शाळा बुडवू नका. सायंप्रार्थनेनंतर लेकराकडून एक पान मोठ्याने वाचवून घ्या. तुम्हांस वाचता येत नसेल, तरी ऐकता येते. त्या पायावर देव बांधो. आमेन.